किल्ली मागणारे सर

इंगोले सरांनी माझी मुलाखत उभ्याने घेतली. म्हणजे मी बसले होते, ते उभे होते. आणि उभे तरी कसले, खिडकीपासून दारापर्यंत नुसत्या येरझाऱ्या चालल्या होत्या. माझा बायोडेटा त्यांनी गुंडाळी करून हातात धरला होता आणि बोलताना ते तो मांडीवर आपटत होते. मध्येच थांबले, टेबलावरच्या कापडी पिशवीतून दोन कांदे काढून माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "वास घ्या."

एक्झिक्युटिव्ह असिस्टंटच्या जागेसाठी मी याआधीही मुलाखती दिल्या होत्या. टायपिंग येतं का, इतिवृत्त लिहिता का, विमानाची तिकिटं काढता का, हे सगळं विचारून झालेलं असतं. कांद्याचा वास कुणी घ्यायला लावला नव्हता. मी घेतला. म्हटलं, "हा ठीक आहे. या दुसऱ्याच्या मानेपाशी जरा ओलसर वास येतोय."

"कधीपासून येता?"

"कुठे?"

"अहो, नोकरीवर! आणखी कुठे?"

शेतमाल साठवणुकीवर काम करणाऱ्या आमच्या संस्थेचे ते संचालक. कांदा का सडतो आणि तो न सडण्यासाठी काय करावं, यात ज्या माणसाची सगळी हयात गेली, त्याच माणसाचं नाक कोविडने नेलं आणि परत दिलंच नाही. चव थोडीफार आली, वास नाही. हे मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं, आणि आपल्याला कशासाठी घेतलंय तेही कळलं. आईने खडकीला घरी विचारलं, "काय गं, साहेबांकडे काय काम असतं?" मी म्हटलं, "साहेबांचं नाक आहे मी." आई म्हणाली, "शिकलीस कशाला मग एवढं?"

गेल्या उन्हाळ्यात सर गेले. त्यांच्यावर दोन शब्द बोला, असं शोकसभेत सगळ्यांनी मला सांगितलं आणि मी काही बोलू शकले नाही. दोन शब्दांत मावणारा माणूस नव्हता तो. शिवाय तिथे सगळे शांत बसले होते, आणि सरांबद्दल शांत बसून बोलायचं म्हणजे मला कसंतरीच व्हायला लागलं. हेसुद्धा मी उठत-बसत लिहितेय.

त्यांच्या केबिनमध्ये चांगली गुबगुबीत खुर्ची होती. तिच्यावर फायली बसायच्या. सह्या मी चालता चालता घ्यायचे. सर पुढे, मी मागे, लिफ्टजवळचा खांब आला की कागद खांबावर टेकवायचा, सर सही करायचे, की पुढे. "सर, एकदा वाचून तरी बघा," असं मी म्हटलं की, "तू वाचलंस ना? मग मी कशाला? दोघांचा वेळ सरकारने एकाच कागदावर का घालवायचा?" बैठक अर्ध्या तासाच्या पुढे गेली की ते उठून मागे जाऊन उभे राहत. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना वाटायचं, बैठक संपली. बिचारे तेही उठायचे. अशा किती बैठका मी वेळेत संपताना पाहिल्या!

मूळचे ते अकोल्याकडचे. पुण्यात इतकी वर्षं काढून बोलणं अगदी पुणेरी झालं होतं, टोमण्यासकट. पण मन हललं की वऱ्हाडी बाहेर यायची. "हे असं का झालं?" म्हणाले तर काळजी नसे. "काहून झालं असं?" म्हणाले की मी समजायचे, आज दुपारचं जेवण नाही. पहाटे मार्केट यार्डात जाऊन येणं हा त्यांचा देवधर्म. तिथून निवडून आणलेले कांदे नऊच्या सुमारास माझ्या टेबलावर यायचे. मी एकेक हुंगून सांगायचे आणि ते माझ्या तोंडाकडे असे बघत राहायचे की मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं. दहा वाजता मंत्रालयातून फोन आला की मी त्याच गंभीर आवाजात सांगायचे, "सर महत्त्वाच्या कामात आहेत." ते खोटं नसायचंच.

आता कोठीची गोष्ट. आवाराच्या मागच्या बाजूला सरांनी एक बंद कोठी बांधून घेतली होती. शेतकरी कांदा चाळीत ठेवतात, तिच्या भिंती फटीफटींच्या असतात आणि ढीग फार उंच रचता येत नाही, आतला माल घामेजतो. सरांची कल्पना अशी, की भिंती बंद ठेवायच्या, हवा फक्त तळातून आत घ्यायची आणि छपरावरच्या उंच धुराड्यातून बाहेर काढायची. पंखा नाही, वीज नाही. जमलं, तर तेवढ्याच जागेत दुप्पट माल राहणार होता. अट एकच. दार उघडायचं नाही. दार उघडलं की हवा आपली वाट सोडून दारातून पळते आणि मग आपण काय तपासतोय हेच उरत नाही.

उन्हाळ कांद्याने कोठी भरली, दार लावलं, कुलूप घातलं. सरांनी किल्ली आणून माझ्या टेबलावर ठेवली.

"दिवाळीच्या तोंडावर उघडायचं. त्याआधी कुणालाही द्यायची नाही. मी मागितली तरी नाही."

"तुम्ही कशाला मागाल?"

"मी मागणार," ते म्हणाले. "मला ओळखत नाहीस तू? थांबणं सोडून मला सगळं जमतं. मी रागावेन, गोड बोलेन. डायरेक्टर म्हणून लेखी आदेशसुद्धा काढेन."

"मग लेखी आदेशाचं काय करायचं?"

"फाईलला लाव."

एखाद्या शास्त्रज्ञाकडे का देत नाही, असं मी विचारलं. म्हणाले, "त्यांना कुतूहल असतं. तुला नाही." मला राग आला. माझा चेहरा बघून त्यांनी लगेच सावरलं, "म्हणजे तुला कामं असतात गं!"

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी मागणी सुरू झाली. आधी म्हणे उंदीर शिरलेत का ते बघायचंय. मग म्हणे आग विझवायच्या नळकांड्यांची तपासणी आहे. मग, "वैशाली, तू बरेच दिवस रजा घेतली नाहीस, जा की महाबळेश्वरला. जाताना तेवढी किल्ली..." मी म्हटलं, "सर, महाबळेश्वरला मी किल्ली घेऊन जाईन." एकदा मी जेवायला गेले असताना माझा ड्रॉवर उपसलेला दिसला. तेव्हापासून किल्ली डब्याच्या पिशवीत, पोळीच्या डब्याखाली. शास्त्रज्ञ माणूस, पण बाईच्या डब्यात हात घालायची हिंमत नव्हती.

हे सगळं मजेचं वाटतं. जूनपर्यंत मजेचंच होतं. मग कोठीच्या मधोमध ठेवलेला सेन्सर बंद पडला. भिंतीजवळचे आणि वरचे चालू होते, त्यांचे आकडे छान येत होते. तेजस नावाचा आमचा तरुण संशोधक रोज आलेख घेऊन यायचा, "सर, एकदम मस्त चाललंय!" सर आलेख बघायचे, मान हलवायचे आणि तो गेला की माझ्या टेबलाभोवती फिरायला लागायचे. "कडेचं सांगतोय तो. मधलं कोण सांगणार? मधे काय होऊन राहिलं, काही कळत नाही बाप्पा." सकाळी कोठीभोवती फेऱ्या. दुपारी कोठीभोवती फेऱ्या. भिंतीला कान लावायचे. कांदा काय बोलतो का? मी छत्री घेऊन त्यांच्या मागे, कारण सह्या राहिलेल्या असायच्या. हळूहळू मलाही तो चाळा लागला. घरी भाजी फोडणीला टाकून मी गॅलरीत जाऊन उभी राहायचे. नवरा म्हणायचा, "तुला काय झालंय?" काय सांगणार, कांद्याची काळजी लागलीय?

ऑगस्टअखेर सर निवृत्त होणार होते. म्हणजे कोठी उघडायच्या आधीच. हा हिशेब सगळ्यांना ठाऊक होता, बोलत कुणी नव्हतं. त्यांना दोन वर्षांची मुदतवाढ मिळावी असं खुद्द नियामक मंडळाच्या अध्यक्षांच्या मनात होतं. माणूस चांगला. फक्त त्यांना मंडळापुढे काहीतरी ठेवायला हवं होतं. ऑगस्टमध्ये ते स्वतः आले, सोबत दोन सदस्य आणि एक फोटोग्राफर. झिमझिम पावसात सगळे कोठीसमोर उभे राहिले.

"इंगोले, उघडा दार," अध्यक्ष म्हणाले. "चार कांदे हातात घेऊन फोटो काढू. तेवढं मला पुरे आहे. एक्सटेन्शनचं मी बघतो."

सरांनी कोठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वैशाली, किल्ली आण."

या वेळी उंदीर नव्हते की महाबळेश्वर नव्हतं. अगदी साधा, संचालकाचा आवाज. दोन वर्षं म्हणजे काय, हे मला कळत होतं. या माणसाला घरी बसवणं म्हणजे काय, हे तर माझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. आणि माझी स्वतःची नेमणूकही करारावरची, दरवर्षी त्याच मंडळाकडून मंजूर होणारी.

मी म्हटलं, "सर, किल्ली आज मिळणार नाही."

"म्हणजे?" अध्यक्ष म्हणाले.

"सरांचा आदेश आहे. कुणालाही द्यायची नाही."

"अहो बाई, सर तुमच्या समोर उभे आहेत!"

"हो ना. त्यांनाच द्यायची नाही, असं सांगितलंय त्यांनी."

फोटोग्राफर हसला आणि आपण एकटेच हसतोय हे लक्षात आल्यावर गप्प झाला. सरांचे कान लाल झाले. मला वाटलं, आता ओरडतात. ते छत्रीच्या पट्टीचं बटण उघडत-लावत राहिले, मग अध्यक्षांना म्हणाले, "बघा साहेब, ही माझी सत्ता. चला, चहा घेऊ."

मुदतवाढ हुकली, हे त्या चहाच्या कपातच ठरलं. पाहुणे गेले. दुपारभर सर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, आणि संध्याकाळी सगळे गेल्यावर टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"काहून केलंस असं?"

"तुम्हीच सांगितलं होतं."

"मी सांगितलं होतं! पण तुला दिसत नव्हतं का समोर काय आहे ते? दोन वर्षं गेली माझी. दोन वर्षं! मी काय करू घरी? गॅलरीतल्या कुंड्या मोजू?"

मला रडू फुटलं, आणि रडू आलं की मला संताप येतो. डब्याच्या पिशवीतून किल्ली काढून मी टेबलावर आपटली. "घ्या! घ्या आणि उघडा! रोज माझ्या जिवाला घोर लावण्यापेक्षा एकदाचं उघडून टाका!"

सर टेबलाला वळसा घालून गेले. परत आले. किल्लीकडे बघत पुन्हा एक वळसा. त्यांचा हात पुढे येतोय असं मला वाटलं, पण तो हात त्यांनी खिशात घातला.

"ठेव," ते म्हणाले, आणि गेले.

निरोपसमारंभात त्यांना व्यासपीठावरच्या खुर्चीत बसवलं होतं. शाल अंगावर, नारळ मांडीवर आणि पाय एकसारखा हलतोय. तिसऱ्या भाषणाला ते नारळ घेऊन मागे जाऊन उभे राहिले. समारंभ वेळेत संपला.

सर वाघोलीच्या फ्लॅटवर राहायला गेल्यावर रोज सकाळी त्यांचा फोन यायला लागला. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. एकच शब्द, "वास?" मी कोठीला फेरी घालून आलेली असायचे. "नाही सर," म्हटलं की फोन बंद. त्यांच्या पत्नीने मला एकदा सांगितलं, की फोन होईपर्यंत ते चहाला हात लावत नाहीत.

पाऊस सरत आला आणि एके सकाळी वारा पडून धुराड्यातली हवा खाली दाबली गेली होती तेव्हा मला वास आला. पुसट, पण शंका नको असा. मी तशीच पुन्हा फेरी घातली. मग फोन वाजला.

"वास?"

"आज येतोय, सर."

पलीकडच्या येरझाऱ्यांचा आवाज थांबला.

"उग्र, की कुजका?"

"कुजका."

मला वाटलं, आता म्हणणार, धाव, उघड, वाचेल ते वाचव. मी तर पिशवीत हातसुद्धा घातला होता.

"उघडू देऊ नकोस," सर म्हणाले.

"सर, अहो, सडतोय माल!"

"सडू दे. आता उघडलं तर सडला एवढंच कळेल. कुठून सडला, कसा पसरला, ते जाईल. दिवाळीपर्यंत कुणालाही हात लावू देऊ नकोस." आणि मग, जरा हळू, "मला तर अजिबातच नको."

दुपारपर्यंत वास नव्या संचालकांच्या केबिनपर्यंत पोचला. मॅडम शिस्तीच्या. त्यांनी कोठी रिकामी करायला सांगितलं. मी सरांचं म्हणणं सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही नक्की कुणाच्या असिस्टंट आहात?"

"आपली, मॅडम. पण कोठी सरांची आहे."

त्या बराच वेळ पेनाचं टोपण फिरवत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "बरं. दिवाळीपर्यंत. आणि माझ्या खिडक्या बंद करून घ्या." त्याही शास्त्रज्ञ होत्या, म्हणून वाचलो.

उघडायच्या दिवशी सर सगळ्यांच्या आधी आले. वाळले होते. गेटवरच्या नव्या पहारेकऱ्याने त्यांना पाहुण्यांचा बिल्ला गळ्यात अडकवायला लावला होता, तो उलटा लटकत होता. तेजस होता, मॅडम नाकाला रुमाल लावून होत्या, माल उपसायला माणसं होती. मी किल्ली सरांपुढे धरली. इतके महिने जिच्यासाठी त्यांनी माझा जीव खाल्ला, ती किल्ली त्यांनी घेतली नाही.

"तू उघड. तू आत जा. मला कळायचं नाही." नाकाकडे बोट दाखवून ते म्हणाले. पण ते नाकाबद्दल नव्हतं. त्यांना भीती वाटत होती. मी त्यांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते सहन होईना.

मी कुलूप काढलं. दारातून जो भपकारा आला, त्याने एक माणूस मागेच सरला. पुढची रास मात्र बघत राहावी अशी, कोरडी, लालसर, पापुद्रे सळसळताहेत. तेजस ओरडला, "अरे, चांगलाय की माल!" माणसांनी पुढचा थर उपसला, मग त्यामागचा. आणि मग फावडं पचकन आत गेलं. काळा चिखल. मधली सगळी रास बसली होती.

मी बाहेर आले. सर जिथे उभे होते तिथेच उभे होते, हलले नव्हते. मी म्हटलं, "सर, गेलं."

"किती?"

"मधलं सगळं. कडेचे चांगले आहेत. मधलं काही उरलं नाही."

"मधलं?" सर म्हणाले. "कडेचे चांगले? अगदी चांगले?"

"हो."

"म्हणजे हवा कडेकडेनेच वर जाऊन राहिली! मधे शिरतच नाही! अगं, बाजूला हो, बाजूला हो..." आणि मला जवळजवळ ढकलून ते आत घुसले. बूट, पँट, कशाची शुद्ध नाही. राशीशी गुडघे टेकून त्यांनी हात आत घातला, कोपरापर्यंत. "हे बघ, इथपर्यंत कोरडा. इथून घाम. इथून पाणी. केवढी स्वच्छ रेघ आहे! तेजस, टेप आण! वैशाली, लिहून घे, तळाच्या जाळीपासून..."

"सर," मॅडम दारातून म्हणाल्या, "तुम्ही रिटायर झालात."

"ते कांद्याले सांगा!" सर मागे न बघता म्हणाले. "लिही तू."

मी लिहीत गेले. मुदतवाढ गेली, प्रयोग गेला, आणि हा माणूस त्या घाणीत गुडघ्यांवर बसून खुशीत होता. मला त्यांचा भयंकर राग आला होता. आपण इतके महिने कशासाठी जीव टांगून घेतला? मी विचारलंच, "सर, तेव्हा ऑगस्टमध्ये उघडलं असतं तर?"

ते थांबले. खरंच थांबले, हातसुद्धा राशीतच राहिला.

"तर पुढचे कांदे धरून फोटो निघाला असता," ते म्हणाले. "टाळ्या पडल्या असत्या. मला दोन वर्षं मिळाली असती, आणि पुढच्या उन्हाळ्यात गावोगाव अशा कोठ्या उभ्या राहिल्या असत्या. माझ्या नावाच्या." त्यांनी त्या काळ्या चिखलाकडे पाहिलं. "आणि मग हे शेतकऱ्यांच्या घरात झालं असतं."

सर उठले, माझ्यासमोर आले आणि त्यांनी हात पुढे केला. मग त्यांचं लक्ष त्या हाताकडे गेलं, कोपरापर्यंत बरबटलेला, ठिबकणारा. ते ओशाळले आणि हात मागे घ्यायला लागले. मी तो घेऊ दिला नाही. दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.